कुटुंबाची शिडाची नौका

समुद्रावर हौसेने फिरावयास निघणाऱ्या नौका अनेक प्रकारच्या असतात. काहींना केवळ शर्यत जिंकावयाची असते; काहींमध्ये धनिकांचे दिवाणखाने थाटलेले असतात. परंतु ज्या नौकेत आई, वडील आणि मुले आठ-दहा दिवस राहतात, स्वयंपाक करतात, निजतात आणि वादळ आले तर जिच्या भरवशावर प्राण सोपवतात, त्या नौकेची गोष्ट निराळी. तिला घर व्हावयाचे असते आणि समुद्रात तग धरून राहावयाचेही असते. घराला रुंदी हवी, उंची हवी, मोठ्या खिडक्या हव्यात. खवळलेल्या समुद्राला यांपैकी एकही गोष्ट मानवत नाही. या दोन मागण्यांचा मेळ कसा घालतात, हे पाहावयाचे असल्यास इंग्लंडमधील ‘कॉन्टेसा ३२’ ही नौका पाहावी.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन नावाचे गाव आहे. तेथील नौकाबांधणीकार जेरेमी रॉजर्स आणि आराखडाकार डेव्हिड सॅडलर यांनी १९७० च्या सुमारास ही नौका तयार केली. त्यांची याआधीची ‘कॉन्टेसा २६’ स्कँडिनेव्हियातील ‘फोकबोट’ या जुन्या जातीच्या लाकडी नौकेवरून घेतलेली होती. या नव्या नौका मात्र लाकडाच्या नव्हेत. काचतंतू आणि राळेसारखे चिकट रसायन यांचे थर साच्यात बसवून त्यांचे अंग घडवितात. नावातील आकडा फुटांतील लांबी दाखवितो. कॉन्टेसा ३२ ची रुंदी साडेनऊ फूट आहे आणि तरंगताना तिचा साडेपाच फूट भाग पाण्याखाली असतो.

वजनाचा हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे. संपूर्ण नौकेचे वजन सुमारे ४,३०० किलो. त्यांपैकी २,००० किलोंहून अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मे, नीरम आहे. नौका स्थिर राहावी म्हणून तळाशी घातलेल्या वजनाला नीरम म्हणतात. हे वजन नौकेच्या पोटात मोकळे पडलेले नसते. माशाच्या पराप्रमाणे खाली उतरलेला जो कणा असतो, त्याच्या आत ते पक्के बसविलेले असते. बुडाशी जड असलेली मातीची बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिला कितीही लोटले तरी ती डुलत पुन्हा उभी राहते. वारा शिडावर रेटा देऊन नौकेला आडवी करू पाहतो आणि कण्यातील वजन तिला पुन्हा उभी करू पाहते.

कण्याचे दुसरे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. वारा समोरून येत असता शिडाची नौका पुढे कशी जाते, हा प्रश्न कोणासही पडेल. ओला चिंचोका दोन बोटांत दाबून पाहा. दाब दोन्ही बाजूंनी असतो, पण चिंचोका पुढे निसटतो. एका बाजूने शिडावर वाऱ्याचा रेटा आणि दुसऱ्या बाजूने कण्यावर पाण्याचा रेटा, अशा कात्रीत सापडलेली नौका पुढे सरकते. वाऱ्याच्या अगदी तोंडावर तिला जाता येत नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे वळत, ती नागमोडी वाट काढते.

वेगाची मात्र फार अपेक्षा धरू नये. चालणारी नौका पाण्यावर लाटा उठविते आणि वेग वाढला की या लाटांची लांबीही वाढते. एका लाटेची लांबी नौकेच्या पाण्याला टेकलेल्या भागाइतकी झाली, की नौका स्वतःच उठविलेल्या दोन लाटांच्या मध्ये अडकते. पुढची लाट चढून जाण्याचे बळ तिच्यापाशी नसते. कॉन्टेसाचा पाण्याला टेकलेला भाग २४ फुटांचा. म्हणून तिचा वेग ताशी सुमारे साडेसहा सागरी मैलांवर, म्हणजे बारा किलोमीटरांवर अडतो. सायकलवरून जाणारा मुलगा तिच्यापुढे सहज निघून जाईल! परंतु ती रात्रंदिवस चालते, सायकलवाल्यास झोप लागते.

आता जिन्याच्या चार पायऱ्या उतरून आत जाऊ. पुढच्या निमुळत्या भागात दोन बिछाने. त्यांच्यामागे शौचकूप व कपड्यांचे कपाट. मध्ये मेजाच्या दोन बाजूंना बैठकीची बाके, आणि रात्री त्याच बाकांवर निजावयाचे. जिन्याजवळ एकीकडे स्वयंपाकाची जागा व दुसरीकडे नकाशे पसरण्याचे मेज. उंच माणसाने डोके सांभाळावे हे बरे. जागा एवढीच, परंतु यातील प्रत्येक वस्तूमागे विचार आहे. शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलती ठेवलेली असते; नौका कलली तरी शेगडी सपाटच राहते आणि उकळते पाणी कोणाच्या अंगावर सांडत नाही. मेजाला व फळ्यांना उंच काठ असतात, नाही तर एका हेलकाव्यासरशी ताटवाट्या जमिनीवर येतील. निजणारा गडगडून पडू नये म्हणून बाकाच्या कडेला जाड कापड ताणून बांधतात. हात पोहोचेल तेथे धरावयास कठडा असतो. अशा नौकेत खोलीची अरुंदताही उपकारकच ठरते, कारण तोल गेलेला मनुष्य दूर जाऊन आपटत नाही. बंदरात बसून पाहणाऱ्यास या गोष्टीचे महत्त्व कळणे कठीण आहे.

१९७९ च्या ऑगस्ट महिन्यात या सर्व विचारांची कठोर परीक्षा झाली. इंग्लंडमधील काउझपासून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथपर्यंत यावयाचे, अशी एका प्रसिद्ध शर्यतीची वाट त्या काळी असे. त्या वर्षी ३०३ नौका निघाल्या. १३ ऑगस्टच्या रात्री त्यांना भयंकर वादळाने गाठले. शर्यतीतील १५ जण मृत्यू पावले. २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. यांतील केवळ ५ बुडाल्या, बाकीच्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. नौका बुडणार या भयाने रबरी तराफ्यात उतरलेल्यांपैकी काहींचे प्राण तराफ्यातच गेले आणि त्यांनी सोडलेली नौका मात्र वाचली, हे वाचताना मन विषण्ण होते. सर्वांत लहान नौकांच्या वर्गातून शर्यत पुरी करणारी नौका एकच होती. ती ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा ३२. तिचे सुकाणू ॲलन केर या तरुणाकडे होते.

पुढे चौकशी झाली. तीत कॉन्टेसाची तुलना शर्यतीसाठी बांधलेल्या, तिच्याहून रुंद व हलक्या अशा एका नौकेशी करण्यात आली. नौका किती अंशांपर्यंत कलली तरी आपोआप उभी राहू शकते, हे गणिताने काढता येते. ९० अंश म्हणजे डोलकाठी पाण्याला टेकणे. १८० अंश म्हणजे पूर्ण पालथी. ती रुंद नौका सुमारे ११७ अंशांपलीकडे गेली की पालथी होणार. कॉन्टेसा मात्र सुमारे १५५ अंशांपर्यंत परत येऊ शकते. रुंद नौका सरळ असताना फार स्थिर वाटते, पण एकदा उलटली की उलट्या परातीप्रमाणे त्याही स्थितीत स्थिर राहते. अरुंद आणि खोल नौका पालथी झालीच तर पुढच्या लाटेच्या धक्क्याने सुलटी होते.

या गुणांची किंमतही द्यावी लागते. कॉन्टेसा थोड्या वाऱ्यातही बरीच कलते. नव्याने बसणारा घाबरून कठडा घट्ट धरतो. तिचे काठ पाण्याच्या जवळ असल्याने लाटांचे तुषार अंगावर येतात आणि सुकाणू धरणारा भिजतो. आज त्याच लांबीच्या कित्येक नौका ११ फूट रुंद असतात, त्यांच्यात दोन प्रशस्त शयनगृहे मावतात आणि बंदरात पाहुण्यांना त्याच अधिक आवडतात. उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या कुटुंबाने तशी नौका घेतली तर त्यात काही चूक नाही. जिला खुल्या समुद्रात रात्र काढावयाची आहे, तिच्याबद्दल मात्र पाहुण्यांचे मत विचारू नये. कॉन्टेसा ३२ जातीच्या ७०० हून अधिक नौका बांधल्या गेल्या, त्या अशीच निवड करणाऱ्यांसाठी.

‘असेंट’ ही नौका ॲलनचे वडील विली केर यांची. त्या वादळानंतर त्यांनी तिला विश्रांती दिली नाही. बत्तीस फुटांच्या त्याच नौकेतून ते उत्तरेस ग्रीनलंडच्या हिमखंडांपर्यंत आणि पुढे दक्षिणेस अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आले.