दोन गल्ले : ट्रेडिंगच्या पैशातून दुसऱ्याच्या धंद्यात भागी कशी घ्यावी?



मागच्या आठवड्यात देगलूरच्या बॅचमध्ये एका भावाने विचारलं, "सर, दुकानातून आता दोन पैसे सुटायला लागलेत. मित्र म्हणतोय, डाळमिलमध्ये भागी घे. घेऊ का?"

हाच प्रश्न मला २०१९ मध्ये पडला होता आणि मी चुकलो होतो. ती चूक खाली सांगतो. आधी ज्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं, त्यांचं बघू.

प्रोप्रायटरी ट्रेडिंग म्हणजे काय?

आपल्या मोंढ्यात दोन प्रकारचे लोक असतात. आडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि आडत घेतो. भाव पडला तरी त्याची आडत कुठं जात नाही. खरेदीदार मात्र स्वतःच्या पैशाने सोयाबीन, तूर घेऊन ठेवतो. भाव चढला तर नफा त्याचा, पडला तर तोटाही त्याचाच.

शेअर बाजारात ब्रोकर म्हणजे आडत्या. स्वतःच्या पैशाने खरेदी-विक्री करते ती प्रोप्रायटरी ट्रेडिंग फर्म. (जीएसटीच्या फॉर्मवरची 'प्रोप्रायटरशिप' वेगळी, गोंधळ करू नका.)

मुंबईची 'रेअर एंटरप्रायझेस'

राकेश झुनझुनवाला शिक्षणाने सीए. १९८५ मध्ये ५,००० रुपये घेऊन बाजारात उतरले, तेव्हा सेन्सेक्स १५० च्या आसपास होता. १९८६ मध्ये टाटा टीचे ५,००० शेअर ४३ रुपयांना घेतले आणि तीन महिन्यांत भाव १४३ वर गेला. हे झालं ट्रेडिंग.

पुढे त्यांनी राकेश आणि रेखा या नवरा-बायकोच्या नावांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून 'रेअर' नावाची फर्म काढली. लोकांचा पैसा घेतला नाही, स्वतःचाच फिरवला. पायऱ्या बघा:

पहिली पायरी : ट्रेडिंगमधून भांडवल उभं केलं.
दुसरी पायरी : ते टायटन, क्रिसिलसारख्या शेअरमध्ये वर्षानुवर्षं ठेवलं.
तिसरी पायरी : बाजारात न आलेल्या कंपन्यांत हिस्सा घेतला. यालाच खाजगी गुंतवणूक म्हणतात.

आपल्या कामाचं उदाहरण मेट्रो ब्रँड्सचं. १९५५ मध्ये मुंबईत एका चपला-बुटांच्या दुकानापासून सुरू झालेला हा धंदा. झुनझुनवालांनी २००७ मध्ये त्यात पैसा घातला. कंपनी बाजारात आली डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे १४ वर्षं! त्याच महिन्यात त्यांचा मोठा हिस्सा असलेली स्टार हेल्थ विमा कंपनीही बाजारात आली. पहिल्या दिवशी दोन्ही शेअर इश्यूच्या भावाखाली उघडले. तरी ते तोट्यात नव्हते, कारण त्यांनी फार आधी, फार कमी भावाला घेतलं होतं. घेताना भाव नीट ठरला की अर्धा नफा तिथंच ठरतो.

अडचण कुठं येते?

शेअर एका बटणावर विकला जातो. मित्राच्या डाळमिलमधला हिस्सा विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. रोजचा भाव कुठं छापून येत नाही, हिशेब तुम्हालाच मांडावा लागतो. आणि साध्या भागीदारीत फर्मची देणी तुमच्या घरादारापर्यंत येऊ शकतात. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये जबाबदारी साधारणपणे तुमच्या भांडवलापुरती राहते.

माझी चूक

माझं कपड्याचं दुकान. उन्हाळ्यात ओळखीच्या एकाच्या पाण्याच्या प्लांटमध्ये दोन लाख घातले. कागद नाही, फक्त शब्द. दिवाळीचा माल भरायची वेळ आली, तेव्हा फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, पैसे मशीनमध्ये आहेत, काढू कुठून?" तो खोटं बोलत नव्हता. पण मला माल उधारीवर उचलावा लागला, रोखीची सूट गेली आणि चालणारे साइज दुसऱ्याच दुकानांत गेले. धंद्याचा गल्ला मीच गुंतवणुकीत अडकवला होता.

म्हणून हे पाच नियम

१. दोन गल्ले ठेवा. पहिल्यात एका सीझनच्या मालाचा पैसा आणि तीन महिन्यांचं भाडं, पगार, लाईट बिल. त्याला हात लावायचा नाही.

२. दुसऱ्या गल्ल्यात फक्त नफा. कर्ज काढून किंवा सीसी लिमिट उचलून भागी घ्यायची नाही.

३. दुसऱ्या गल्ल्यातलाही पाव हिस्साच एका ठिकाणी घाला. हा माझा अंदाजाचा नियम आहे, पण झोप चांगली लागते.

४. भागीदारीपत्र करा आणि फर्म नोंदवा. भागीदारी कायदा १९३२, कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क कोर्टात मागता येत नाही, काही अपवाद सोडले तर. बाहेर पडताना हिस्सा कोण घेणार, किती दिवसांत, भाव कसा काढणार, हेही आधीच लिहा.

५. घरी सांगा. अकासा एअरचं पहिलं विमान ७ ऑगस्ट २०२२ ला मुंबईहून अहमदाबादला उडालं आणि १४ ऑगस्टला झुनझुनवाला गेले. कंपनी चालू राहिली, कारण चालवणारे लोक वेगळे होते आणि कागद जागेवर होते. तुमची भागी फक्त तुमच्या डोक्यात असेल, तर घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं?

त्या भावाला मी 'नको' म्हटलं नाही. म्हटलं, "आधी मिलचा तीन वर्षांचा ताळेबंद माग. देत नसेल, तर उत्तर मिळालं."

आजचा गृहपाठ : एक वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे पहिला गल्ला, उजवीकडे दुसरा. आज रात्री दुकान बंद केल्यावर खरे आकडे लिहा. उजवी बाजू रिकामी निघाली तर लाजू नका. आधी डावी भरा, भागीचं नंतर बघू.

(वरची नावं शिकण्यासाठी घेतली आहेत, शेअर घेण्याचा सल्ला म्हणून नाही.)