जुनी छोटी मोटार घेताना : इसार देण्यापूर्वी काय पाहावे?

कुंडल आणि आसपासच्या गावांत मोटार ही आता केवळ बड्या बागायतदाराच्या दारातली वस्तू राहिलेली नाही. किर्लोस्करवाडीला किंवा पलूसच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याचे दुचाकीवर भागते, कारण अंतर थोडे आहे. परंतु ज्याला रोज सांगली-मिरज गाठायची आहे, किंवा कराड, विटा, तासगाव अशी फिरती आहे, त्याला पावसाळ्यात आणि रात्रीच्या परतीला चार चाकांची गरज भासते. नवी गाडी ऐपतीबाहेर म्हणून तो जुनीकडे वळतो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'कोणत्या कंपनीची घेऊ?'

हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की, समोर उभी असलेली ही गाडी गेली आठ-दहा वर्षे कुठे होती, कोणाकडे होती आणि तिचे कागद काय सांगतात? चांगल्या कंपनीची बिघडलेली गाडी घेण्यापेक्षा साध्या कंपनीची, पण पूर्वेतिहास उघड असलेली गाडी केव्हाही परवडते.

आधी हिशेब मांडू. समजा, कुंडलचा एक नोकरदार सांगलीला जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर गाडी चालवतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० किलोमीटर झाले, वर्षाचे २४,०००. गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला २० असेल तर महिन्याला १०० लिटर पेट्रोल लागेल. तेच १६ वर आले तर १२५ लिटर. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला अडीच हजारांचा फरक पडतो. म्हणजे दलालाने घासाघीस करून सोडलेले वीस हजार रुपये आठ महिन्यांत पंपावर परत जातात. आणखी एक गोष्ट. आज ७०,००० किलोमीटर रनिंग असलेली गाडी या वापराने सव्वा वर्षात लाखाचा टप्पा ओलांडते. तेव्हा घेतानाच तिचे पुढचे खर्च, म्हणजे टायर, क्लच प्लेट, बॅटरी, सस्पेन्शन, किमतीत मिळवून पाहावेत. (ज्याच्या कामाच्या वेळा किर्लोस्करवाडी स्टेशनवरील गाड्यांशी जुळतात, त्याने रेल्वेचा पास काढून हा सारा खर्च वाचवावा, असे आमचे प्रामाणिक मत आहे.)

डिझेलचा मोह अनेकांना पडतो. परंतु मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू होताना डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे बाजारातील त्यांच्या डिझेल स्विफ्ट त्याआधीच्याच आहेत. इंधनात वाचलेले पैसे अशा गाडीच्या इंजेक्टरला किंवा टर्बोला एकदा लागले की हिशेब उलटतो. सीएनजी वर्षाला २४,००० किलोमीटर फिरणाऱ्याला खरोखर परवडतो, मात्र पंप आपल्या वाटेवर हवा, किट आर.सी.वर नोंदलेले हवे आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाल्याचा दाखला हवा. या तिन्हीपैकी एक नसेल तर साधे पेट्रोल बरे.

भावाच्या बाबतीत एक ताजी गोष्ट लक्षात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक सेस यावरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरला पाहिजे. पण अनेक विक्रेते 'मी पाच लाखाला घेतली होती' हेच गणित पुढे करतात. आपण मात्र आजच्या नव्या गाडीची किंमत शोरूममधून लिहून आणावी आणि तिथून खाली मोजत यावे. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त पडते. ज्यांना व्याजाचा व्यवहारच नको आहे, त्यांनी साठलेल्या रकमेत बसेल तीच गाडी पाहावी आणि त्यातूनही दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी.

आता कृष्णाकाठच्या खरेदीदारासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो म्हणजे पुराचे पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यात भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ ही नदीकाठची गावे पाण्यात होती. पुन्हा जुलै २०२१ मध्ये पूर आला. आज दोन-अडीच लाखांच्या टप्प्यात ज्या गाड्या येतात, त्यांपैकी बहुतेक २०१२ ते २०१९ या काळातल्या. म्हणजे या दोन पुरांच्या वेळी त्या कोठेतरी दारात, बोळात किंवा वाहनतळावर उभ्या होत्या. सांगली-कोल्हापूरकडची प्रत्येक गाडी बुडालेली होती असे मुळीच नाही. पण हा प्रश्न न विचारता इसार देऊ नये.

बुडालेल्या गाडीचे पुढे काय होते? विमा कंपनीने ती पूर्ण नुकसानीत काढली की ती लिलावात जाते. तेथून व्यापारी घेतो, धुतो, सीट कव्हर नवी घालतो, पॉलिश मारतो आणि ती पुन्हा रस्त्यावर येते. दिसायला नवीकोरी. दोष लगेच दिसत नाही. वायरिंगच्या जोडांत शिरलेला गाळ हळूहळू गंजवतो आणि वर्षा-दोन वर्षांनी कधी काच खाली येत नाही, कधी इंजिनचा दिवा लागून राहतो, कधी भर रस्त्यात गाडी बंद पडते. एअरबॅगचे कंट्रोल बहुधा मधल्या कन्सोलखाली, खालच्या बाजूलाच असते. पाणी तेथपर्यंत गेले असेल तर ऐनवेळी ती उघडेल याची खात्री कोण देणार?

तपासणी फार अवघड नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. बाहेरचा भाग धुता येतो, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवर गंज पाहावा. पायातील कार्पेटचा कोपरा उचलून खालचे फोम ओले किंवा वासाचे आहे का पाहावे. डिकीतील स्टेपनी काढून तो खड्डा बोटाने चाचपावा, बारीक वाळू लागली तर समजावे. हेडलाइटच्या आत वाफेचे डाग, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर तांबूस गंज, आणि जुन्या गाडीत अत्तराचा नको इतका दरवळ, याही खुणाच आहेत. कागदही बोलतात. विमा २०१९ च्या ऑगस्टनंतर किंवा २०२१ च्या जुलैनंतर काही महिने खंडित आहे काय? त्याच सुमारास मालक बदलला काय? दोन्ही उत्तरे 'हो' आली तर गाडी सोडून द्यावी, मग विक्रेता कितीही गोड बोलो.

मिस्त्री बरोबर नेलाच पाहिजे, आणि तो आपला हवा, विक्रेत्याने सुचवलेला नको. त्याची मजुरी देताना हात आखडू नये. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी आणि तसे आधीच सांगून ठेवावे. गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्यावी. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सर्व काचांवरची वर्षे ताडून पाहावीत. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का बदलली ते विचारावे. रनिंग ४०,००० दाखवते आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले आहे, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नये. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की मालकाच्या संमतीने जुनी नोंद काढता येते. मालक संमती देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

कंपनीचा प्रश्न आता घेऊ. आमच्या मते रोजच्या प्रवासाला तीच गाडी घ्यावी, जिचे पार्ट पलूस, विटा किंवा तासगावात त्याच दिवशी मिळतील आणि जी उघडायला आपल्या गॅरेजवाल्याचा हात बसलेला आहे. या कसोटीवर मारुतीच्या अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट आणि ह्युंदाईची आय-टेन वर येतात. त्यांतही भेद आहेत. ८०० सीसीच्या अल्टोला टायमिंग बेल्ट आहे, के-टेन इंजिनला चेन. आय-टेनच्या १.१ लिटर इंजिनला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. बेल्ट वेळेवर बदलल्याची पावती नसेल तर घेतल्याबरोबर बदलावा आणि तो खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. याउलट शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि डॅटसन २०२२ मध्ये गेली. बीट, फिगो, गो या गाड्या म्हणूनच स्वस्त दिसतात. फिगो चालवायला उत्तम आहे, यात वाद नाही. पण पार्टासाठी कोल्हापूर-पुण्याकडे डोळे लावून बसायचे आणि चार दिवस रजा टाकायची, हे नोकरदाराला जमणारे नाही.

सुरक्षिततेकडे आपल्याकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली अल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि नॅनो यांची धडक-चाचणी घेतली तेव्हा मोठ्या माणसांच्या बचावासाठी सर्वांना शून्य तारे मिळाले. टाटा टियागोला २०२० मध्ये चार मिळाले. सर्व नव्या मोटारींना एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. बजेट ताणून २०१९ च्या उत्तरार्धानंतरची गाडी मिळत असेल तर आम्ही तीच घ्या असे सांगू. गळिताच्या हंगामात कुंडल, पलूस, वांगीकडच्या रस्त्यांवर रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या जातात. अशा वेळी ब्रेक आणि हेडलाइट हीच खरी चैन असते.

उसावरून आठवले. आपल्याच भागातील कारखान्यांच्या इथेनॉलवर देश चालू लागला आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमधील मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. २०२३ पूर्वीच्या गाड्या यासाठी पूर्णतः बनवलेल्या नाहीत. केंद्र सरकारनेच त्यांचे अ‍ॅव्हरेज काही टक्क्यांनी घटू शकते हे मान्य केले आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या व वॉशर फार जुन्या गाडीत तपासून बदलून घ्यावेत.

राहता राहिले कागद, आणि येथेच माणसे सर्वाधिक फसतात. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात हरित कर आहेच. तेरा-चौदा वर्षांची गाडी 'फुकटात' मिळते ती यासाठी. बेळगाव-विजापूरकडची कर्नाटक पासिंग गाडी घेतल्यास ना-हरकत दाखला, येथील रस्ता कर आणि नवा नंबर, इतके सारे आपल्या माथी येते. एमएच-१० किंवा शेजारच्या एमएच-०९, ११, ५० पासिंगची गाडी नजरेखालची असते. आर.सी.वर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चलने थकली आहेत का, एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, हेही पाहून घ्यावे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. तेव्हा पैसे बँकेतूनच द्यावेत. पुरावाही राहतो.

कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. विकणाऱ्या वाचकांनी ती विशेष टाळावी. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला. त्यात गाडी अनेक हातांत विकली गेली होती, परंतु दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवण्यात आली, गाडी केव्हाच त्याच्या ताब्यात नव्हती तरीही. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. तेथे एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सूट गाडीबरोबर येत नाही, ती त्याचीच राहते आणि फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागते. किल्ली घेताना गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ, मीटरचा आकडा, दोघांच्या सह्या, असा साधा कागद करून दोन्ही बाजूंनी एकेक प्रत ठेवावी. त्या वेळेआधीचे चलन त्यांचे, नंतरचे आपले.