हिरवळीच्या काठावरचा क्लब

आपल्या धाराशिव जिल्ह्यात गोल्फचे मैदान मी तरी पाहिलेले नाही. तेव्हा ‘हा विषय आमच्या काय कामाचा?’ असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. मीही तेच म्हणालो होतो. पण आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचे मामा पुण्याकडच्या एका गोल्फ मैदानावर कॅडी आहेत. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा आणि त्याला अंतराचा अंदाज सांगणारा माणूस. मैदान सभासदांना बंद असते त्या दिवशी मामा स्वतः खेळतात. नियमाप्रमाणे पिशवीत चौदा क्लब ठेवता येतात. मामांकडे होते तीन, तेही इतरांनी टाकून दिलेले. त्यांतला सात नंबरचा लोखंडी क्लब, ज्याला ‘आयर्न’ म्हणतात, त्यांनी भाच्याबरोबर पाठवला. निरोप असा : “सरांना म्हणावं, हिरवळीच्या काठावरून चेंडू छिद्राशी नेईल असं काहीतरी यातून करून द्या. तिथंच माझा डाव जातो.”

आधी अडचण काय ते पाहू. छिद्राचा व्यास 108 मिलिमीटर. त्याभोवतीचे गवत अगदी बारीक कापलेले असते. त्या भागाला ‘ग्रीन’ म्हणतात. ग्रीनच्या बाहेरचे गवत उंच. चेंडू तिथे पडला, तर तो नुसता घरंगळत नेता येत नाही, कारण गवत त्याचा वेग खाते. मग त्याला उंच गवतावरून थोडा उडवायचा, ग्रीनवर टेकवायचा आणि उरलेले अंतर घरंगळू द्यायचे. उड्डाण किती आणि घरंगळणे किती, हे कशावर ठरते?

समजा, चेंडू 4 मीटर उडवायचा आहे. प्रक्षेपकाचा पल्ला R = v² sin 2θ ÷ g हे सूत्र तुमच्यापैकी मोठ्यांना ठाऊक असेल. इतक्या लहान उड्डाणात हवेचा विरोध सोडून दिला तरी चालतो. या सूत्रावरून चेंडूच्या आडव्या वेगाचा वर्ग निघतो ½ g R cot θ. (स्वतः करून पाहा, तीन ओळींचे काम आहे.) θ 45 अंश धरला, तर आडवा वेग येतो सेकंदाला सुमारे 4.4 मीटर, 30 अंश धरला, तर 5.8, आणि 20 अंश धरला, तर 7.3 मीटर. टेकल्यानंतर चेंडू किती घरंगळेल हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावलेली सायकल चौपट अंतरावर थांबते, तसेच. म्हणून 45 अंशांचे घरंगळणे 1 मानले, तर 30 अंशांचे 1.7 आणि 20 अंशांचे 2.7 पट होते.

आता सूत्राकडे पुन्हा पाहा. त्यात R आहे. उड्डाण दुप्पट केले की आडव्या वेगाचा वर्ग दुप्पट होतो आणि घरंगळणेही दुप्पट होते. म्हणजे एकाच ग्रीनवर घरंगळणे भागिले उड्डाण हे गुणोत्तर फक्त कोनावर ठरते! चेंडूची फिरकी आणि टप्पे यांमुळे आकडे हलतात, पण मुद्दा टिकतो. मुरलेला कॅडी नुसत्या नजरेने सांगतो, “या क्लबनं एक भाग उडेल, दोन भाग घरंगळेल.” तो cot θ कधी शिकलेला नसतो.

चेंडूचा कोन येतो क्लबच्या तोंडाच्या कलातून. या कलाला ‘लॉफ्ट’ म्हणतात. चेंडूखाली क्लब घालून तो हाताने वर उचलावा लागतो, असा नवख्यांचा समज असतो. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो; तेवढ्यात हात काय उचलणार? वर नेण्याचे काम तोंडाचा कल करतो. मात्र चेंडू लॉफ्टपेक्षा थोड्या कमी कोनात निघतो, कारण घर्षण त्याला क्लबच्या दिशेने ओढते आणि त्याच वेळी फिरकी देते.

मग 60 अंशांचाच क्लब का नको? चेंडू जवळजवळ जागीच थांबेल की! पण इतक्या कललेल्या तोंडावर टोला निसटता बसतो, क्लबचा बराचसा वेग वाया जातो आणि तेवढ्याच उड्डाणासाठी झोका मोठा घ्यावा लागतो. मोठ्या झोक्यात चूक झाली, तर तीही मोठीच. मामांच्या क्लबला आम्ही कोनमापक लावला, तर 36 अंश भरले. दुकानात ‘चिपर’ नावाने मिळणाऱ्या क्लबचा कल साधारण एवढाच असतो. तोंडाला हात लावायचा नाही, दांडा कापून आखूड करायचा आणि तळ घासायचा, असे ठरले. एका विद्यार्थ्याने सुचवले, “मागूनही तोंड करू, डावखुऱ्यालाही चालेल.” पण नियमाप्रमाणे चिपरला मारण्याचे तोंड एकच हवे, दोन तोंडांची सवलत आहे ती फक्त पटरला, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलण्याच्या क्लबला.

तळ घासायला आम्ही लोहाराकडे गेलो, आणि इथे माझे चुकले. “सर, धार नाही तर हत्यार कशाचं?” असे म्हणून त्याने खालच्या कडेला खुरप्यासारखी धार काढली. मला ते पटले. पातळ कड गवतात सहज शिरेल, असा माझा हिशोब होता. पाऊस होऊन गेलेला, महाविद्यालयाच्या मैदानावर काळी माती आणि हरळी. पहिल्याच टोल्याला कड मातीत रुतली, चेंडू जेमतेम वीतभर सरकला आणि मारणाऱ्या मुलाचे मनगट दोन दिवस दुखले. खुरप्याने खुरप्याचे काम केले होते!

(जाता जाता : ही हरळी म्हणजेच आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. गोल्फच्या जगात तिला बर्म्युडा गवत म्हणतात, आणि उष्ण प्रदेशांतली पुष्कळशी मैदाने तिच्याच निरनिराळ्या वाणांची असतात.)

या चुकीचे उत्तर जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूने फार पूर्वी शोधले होते. सुताराचा हा मुलगा लहानपणी कॅडीच होता. त्या काळचे क्लब वाळूच्या खड्ड्यात असेच रुतत. विमान चालवायला शिकताना आपल्याला कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. त्याने क्लबच्या तळाला धातूचा थर चढवून असा आकार दिला, की तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आली. हा क्लब घेऊन त्याने 1932 सालची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली.

तळाच्या या उताराला ‘बाउन्स’ म्हणतात. नळदुर्गला बोरी नदीच्या पाण्यावर तुम्ही चपटा दगड भिरकावला असेल. पुढची कड किंचित वर ठेवून फेकला, तर पाणी त्याला वर ढकलते आणि तो उड्या मारत जातो. तीच कड खाली झुकली, तर दगड बुडतो. मातीत क्लबचे तसेच होते. पोटाला उतार असला, की माती त्याला वर उचलते आणि क्लब गवतातून घसरत पुढे जातो.

पण उतार हवा तेवढा वाढवता येत नाही. जमीन कडक असेल, तर मागची कड आधी टेकते, पुढची कड वर राहते आणि चेंडूच्या बरोबर पोटात बसते. मग चेंडू सुसाट ग्रीनच्या पलीकडे! वाळूसाठीच्या क्लबला 10 ते 14 अंशांचा बाउन्स चालतो. कडक, उघड्या जमिनीवर 4 ते 6 अंश पुरे. मामांच्या मैदानावर डिसेंबरनंतर जमीन विटेसारखी होते, असे भाचा म्हणाला. आम्ही धार बोथट करवून पुढची कड गोल केली, तळाला मागे थोडे लोखंड चढवून घेतले आणि पाच अंशांच्या आसपास थांबलो. लोहार नाराजच होता. चांगल्या धारेची माती केली म्हणाला.

सुधारलेला क्लब हरळीवरून सळकन सरकला. मुलांनी अंगण सारवून घेतले, खडूने रेघा मारल्या आणि उड्डाण व घरंगळणे मोजायला सुरुवात केली. तुम्हीही रबरी चेंडू हाताने निरनिराळ्या कोनांत फेकून हा प्रयोग करू शकता. पहिला टप्पा कुठे पडला आणि चेंडू कुठे थांबला, एवढेच लिहून ठेवा. दर कोनाला निदान दहा फेकी हव्यात. सारवलेल्या आणि न सारवलेल्या अंगणातले आकडे वेगवेगळे येतील. तसे का, ते वर आलेच आहे.

क्लब पुण्याला गेला. महिन्याने मामांचा निरोप आला : काठावरून आता चेंडू दोन हातांच्या आत थांबतो, पण वाळूच्या खड्ड्यात हा क्लब पूर्वीसारखाच रुततो. पाच अंशांनी वाळूत भागत नाही, हे खरेच. आता त्यांनी दुसरे एक जुने आयर्न पाठवले आहे.