ओळखीचा परदेश

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे २५ सप्टेंबर १९२२ रोजी नाथ पै यांचा जन्म झाला. त्या काळी इंग्लंड न पाहताच मुलांना तेथील राजांच्या सनावळ्या पाठ कराव्या लागत. नाथांना त्या देशाची आणखी एक ओळख झाली. १९४२ च्या चळवळीत इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले.

महाविद्यालयीन शिक्षणानंतर बॅरिस्टर होण्यासाठी त्यांनी निवडला तो इंग्लंडच! वैर परक्या राजवटीशी होते, तेथील विद्येशी नव्हते.

पुस्तकी ओळख मात्र तेथे अपुरीच ठरे. लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला गरम कपड्यांची तजवीज तर करावी लागेच. शिवाय महायुद्धाने होरपळलेल्या त्या शहरात १९५४ पर्यंत अन्नही शिधावाटपाने मिळे. बॅरिस्टरीची रीतही मौजेची. परीक्षा तर द्यावयाचीच, पण विधिसंस्थेच्या भोजनगृहात ठराविक वेळा पंक्तीलाही बसावयाचे!

बॅरिस्टर होऊन नाथ पै मायदेशी परतले. १९५७ साली राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराविषयी त्यांनी १९६७ साली मांडलेले विधेयक 'नाथ पै विधेयक' याच नावाने ओळखले जाते.