जुनापाणी येथील दगडांची वर्तुळे

नागपुराहून काटोलकडे जाताना, शहरापासून जवळच जुनापाणी नावाचे ठिकाण लागते. तेथील माळावर व झुडपी रानात मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले दिसतात. कोणत्याही दगडास घडणावळ नाही. मात्र काहींवर वाटीएवढ्या खळग्यांच्या ओळी कोरलेल्या आहेत. हे दगड आपोआप असे बसले नाहीत, हे गुराख्याच्या पोरासही कळते. मग ते मांडिले कोणी?

पूर्वी ह्या प्रांती गवळी राजे होते, त्यांचे हे काम, असे जुने लोक सांगत. ह्या कथेस हसू नये. परंतु वर्तुळाच्या पोटात काय आहे हे ती सांगत नाही. त्याकरिता खणावेच लागले. रिव्हेट-कार्नॅक नामक इंग्रज अंमलदाराने काही वर्तुळे उकरून १८७९ मध्ये त्यांविषयी लेख छापला. पुढे स्वातंत्र्यानंतर जुनापाणी, आणि नागपूर जिल्ह्यातीलच माहुरझरी, नायकुंड येथे विद्वानांनी रीतसर उत्खनन केले.

तेव्हा उघड झाले की, ही मृतांची स्थाने होत. आत दगडगोटे व काळी माती भरलेली. खाली हाडे, काळी-तांबडी मडकी, मणी, खंजीर आणि लोखंडी कुऱ्हाडी. कुऱ्हाड दांड्याशी पट्ट्यांनी आवळलेली असे. कित्येक ठिकाणी घोड्याचा लगाम व तांब्याचे अलंकार निघाले. माहुरझरीस तर धन्याजवळ घोडाही पुरलेला होता. नायकुंडास लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे हे लोक केवळ गुरांमागे फिरणारे नव्हते. त्यांच्यात लोहार होते, वस्ती होती. त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही जुना ठरतो. एवढे दगड हलविण्यास किती हात लागले असतील, हे विहीर बांधणारास विचारावे. एका घरच्या माणसांचे ते काम नव्हे.

त्यांनी आपणांस काय म्हणविले, हे सांगणारा लेख कोणत्याही वर्तुळात मिळालेला नाही. जी साक्ष आहे ती वस्तूंची, आणि त्या जेथे ठेविल्या त्या जागेची. ज्यांच्या शेतात असे वर्तुळ असेल त्यांनी धनाच्या आशेने ते उकरू नये, किंवा घराच्या पायाकरिता दगड उचलू नयेत. कुदळीने हाड, मडके व कुऱ्हाड एकदा सरमिसळ केली, की कोणाजवळ काय ठेविले होते हे मग कोणत्याही पंडितास सांगता येत नाही.