कोणता गणू?

पणजोबा सापडला म्हणून पेढे घेऊन आलास, ते ठेव तिथे. आधी सांग, कोणता गणू सापडला तुला?

खानेसुमारीचा नाद सोड. 1881 च्या खानेसुमारीतून तुला जिल्ह्या-तालुक्याचे आकडे मिळतील, आपला माणूस नाही. नंतरच्या जनगणनेची पत्रकं तर 1948 च्या कायद्यानं कुणाला बघता येत नाहीत, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाहीत. आपल्याला कामाची ती कोतवाल बुकं, फेरफार आणि शाळेचं जनरल रजिस्टर.

आता कागदावर ‘गणू बिन राणू’ दिसलं, की हुरळून जाऊ नकोस. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. आपल्यात नातवाला आज्याचं नाव ठेवायची चाल. म्हणजे राणूचा गणू, गणूचा राणू आणि त्याचा पुन्हा गणू. शिवाय भावकीत चुलत्यांच्या घरीही तीच नावं! मी दोन वर्षं खालच्या आळीचा गणू आपला म्हणून कवटाळून बसलो होतो. आत्याबाईंनी विचारलं, ‘अरे, त्याची बायको कोण?’ कागदात ‘भागू कोम गणू’ होतं, आणि आपल्या पणजीचं नाव सखू. झालं, दोन वर्षं पाण्यात. (दुसरी बायको असेल, असंही मी म्हणून पाहिलं. आत्याबाई नुसत्या हसल्या.)

म्हणून ‘कोम’ शोध, बायकोचं नाव खोटं बोलत नाही. जमिनीचा सर्व्हे नंबर ताडून बघ. वारसाचा फेरफार सगळ्यात चांगला. कोण मेला, मागं कोण कोण राहिलं, सगळी भावंडं एका ओळीत मिळतात. सखा, बाळू, कोंडी अशी तिन्ही जुळली तर गणू आपला. वयावर मात्र भिस्त ठेवू नकोस. विचारणाऱ्यानं अंदाजानं चाळीस लिहिलं, पंचेचाळीस लिहिलं. बेचाळीस कुणी सांगत नसे.

कोतवाल बुकातल्या जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचंच नाव असतं, पुढं नुसतं ‘मुलगा’. तो मुलगा जगला का, हे मृत्यूच्या पानांत बघ. 1918 च्या मानमोडीच्या साथीची पानं उघडलीस की कळेल, का बघायचं ते.

मोडी वाचणारा बरोबर ने. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही एकमेकांना चिकटून येतात. इसवी सन काढायला, साल शक असेल तर 78 मिळव, फसली असेल तर 590. महिना पाहून एखादं वर्ष पुढंमागं होईल. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत आपली नामावळ असेल तर तीही बघ. तिथे गाव आणि भाऊबंद एकत्र लिहिलेले असतात.

आणि झेरॉक्स काढताना मागचं पान घ्यायला विसरू नकोस. साल बहुधा तिथेच डोक्यावर लिहिलेलं असतं.