पिल्लू ट्रेनिंगला पाठवताय? आजारपणाचा खर्च आधी ठरवा

पाच-सहा महिन्यांचे पिल्लू महिनाभर ट्रेनरच्या केंद्रात ठेवून शिकवून घेण्याची पद्धत पुण्या-मुंबईत आता रुळली आहे. राहणे, खाणे आणि शिकवणे धरून महिन्याला साधारण १५ ते ४० हजार रुपये पडतात. ‘सिट’, ‘स्टे’ किती दिवसांत येईल याची चौकशी सगळेच करतात. पिल्लू तिथे आजारी पडले तर दवाखान्यात कोण नेणार, बिल कोण भरणार, हे मात्र सहसा ठरलेले नसते. पार्वोसारख्या विषाणूजन्य आजारात या घोळात गेलेला एक दिवस पिल्लाच्या जिवावर बेततो. म्हणून अनामत रक्कम देण्याआधीच हा हिशेब मांडायला हवा.

(खालचे आकडे मोठ्या शहरांतील खासगी दवाखान्यांचे ढोबळ अंदाज आहेत. गाव, दवाखाना आणि पिल्लाचे वजन यांनुसार ते बदलतात.)

पाठवण्यापूर्वी : ३ ते ६ हजार

पार्वो, डिस्टेंपर यांवरची एकत्रित लस पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांच्या आड येऊ शकते. त्यामुळे शेवटचा डोस चुकलेले पिल्लू ‘दोन लसी झाल्यात’ म्हणून सुरक्षित ठरत नाही. एका डोसाला ७०० ते १,५०० रुपये लागतात. केनेल कफची लस वेगळी असते. ती, रेबीजची लस, जंताचे औषध आणि गोचिडांवरची गोळी हे सगळे धरले की वरचा आकडा होतो. शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे जाऊ द्या, मगच पाठवा. निघण्याच्या आदल्या दिवशी वजन करून तारखेसह लिहून ठेवा, व्हिडिओही काढा. पुढे वाद झालाच, तर पिल्लू ठणठणीत गेले होते याचा तोच पुरावा.

आजारपणाचा अंदाजे खर्च

• जागा आणि खाणे बदलल्याने होणारे जुलाब : तपासणी व औषधे, ५०० ते २,००० रुपये. घरचेच खाणे आठवडाभर सोबत दिले तर हा त्रास बराच टळतो.

• केनेल कफ (घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला) : १ ते ३ हजार. तो फुफ्फुसांत उतरला तर एक्स-रे आणि ॲडमिट करणे धरून १० हजारांच्या पुढे.

• गोचीड ताप : रक्ततपासण्या आणि सुमारे चार आठवड्यांची औषधे मिळून ३ ते ८ हजार. प्लेटलेट फार उतरून रक्त द्यावे लागले तर आणखी ५ ते १५ हजार.

• पार्वो : झटपट चाचणी ७०० ते १,५०० रुपये. ॲडमिट केल्यास सलाईन, उलटी थांबवणारी औषधे, प्रतिजैविके असा दिवसाला २ ते ६ हजार खर्च येतो. पाच ते सात दिवस धरा. चाचणी धरून एकूण साधारण ११ ते ४४ हजार.

• गिळलेला बॉल, कापड किंवा हाड आतड्यात अडकून करावी लागणारी शस्त्रक्रिया : २० ते ६० हजार.

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. औषधांच्या किमतीत तो असतो. नोंदणीकृत ट्रेनिंग केंद्र मात्र आपल्या फीवर १८ टक्के लावते, तेव्हा सांगितलेली फी करासह आहे का, हे विचारा. खर्च झेपणारा नसेल तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आणि जिल्ह्यांतील पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये यांचा पर्याय आहे. केंद्राजवळ यांपैकी काय आहे, ते आधीच पाहून ठेवा.

आजार घरून गेला की तिथे लागला?

बिलावरून भांडण होते ते या प्रश्नावर. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी तारखांत सापडते. पार्वोचा विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, क्वचित चौदा. केनेल कफ दोन ते चौदा दिवसांत दिसतो. गोचीड तापाच्या एका नेहमीच्या प्रकाराला, एर्लिकियाला, एक ते तीन आठवडे लागतात. पिल्लू पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पार्वो निघाला, तर तो बहुधा घरूनच आला. विसाव्या दिवशी निघाला, तर केंद्राला उत्तर द्यावे लागेल. पार्वोचा विषाणू जमिनीत आणि फटींत अनेक महिने टिकतो आणि फिनाईलला तो दाद देत नाही. त्याला ब्लीच लागते. म्हणून पाहणीला जाल तेव्हा पिंजरे कशाने धुतात आणि गेल्या वर्षभरात तिथे पार्वो झाला होता का, हे दोन प्रश्न विचाराच. आजारी जनावरासाठी वेगळी खोली नसलेल्या ठिकाणी पिल्लू ठेवू नका.

लेखी काय हवे

दोघांच्या सह्यांचा एक कागद पुरतो. त्यात या गोष्टी असाव्यात :

१. केंद्राच्या डॉक्टरांचे नाव, रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आणि तिथे नेण्याचे वाहनभाडे कोणाकडे.

२. तुमची आगाऊ संमती. उदाहरणार्थ : ‘माझ्याशी वीस मिनिटांत संपर्क झाला नाही, तर पिल्लाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. १०,००० रुपयांपर्यंतच्या तपासण्या व उपचारांना माझी संमती आहे.’

३. खर्चाची वाटणी. आधीपासूनचा आजार मालकाकडे; मारामारीतली जखम, उन्हात बांधल्याने झालेला उष्माघात, केंद्रात पसरलेला संसर्ग केंद्राकडे.

४. पिल्लू आजारी पडल्यास उरलेल्या दिवसांची फी परत मिळेल की ट्रेनिंग पुढे ढकलले जाईल.

५. रोज एक व्हिडिओ, आठवड्याला एकदा वजन.

विमा असेल तर प्रतीक्षा काळ, लसीकरणाची अट आणि वगळलेले आजार वाचून घ्या. ट्रेनिंगला पाठवताना घाईघाईत काढलेली पॉलिसी त्याच महिन्यातल्या आजाराला उपयोगी पडेलच असे नाही.

फोन आला तर

उलट्या किती वेळा, जुलाबात रक्त आहे का, पाणी पोटात टिकते का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या, ताप किती, एवढे विचारा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब, फिक्या हिरड्या, धाप किंवा सुस्ती यांपैकी एकही असेल तर ‘सकाळी बघू’ला होकार देऊ नका. पावसाळ्यात हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका घ्यावी; तो माणसालाही होतो, त्यामुळे हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत. क्रोसिन, ब्रुफेन यांसारखी माणसांची औषधे कुणालाही देऊ देऊ नका, ती कुत्र्याला घातक ठरू शकतात. केस पेपर, रिपोर्ट आणि बिले त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मागवा.

वाद झाला तर

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याने सोपवलेल्या मालाची काळजी समंजस माणूस स्वतःच्या मालाइतकीच घेईल, तशी घ्यावी लागते. कायद्याच्या लेखी पाळीव जनावर मालमत्ताच असल्याने हा आधार तुम्हाला मिळतो. ‘काहीही झाले तरी आम्ही जबाबदार नाही’ असे पावतीवर छापले म्हणून निष्काळजीपणा माफ होतोच असे नाही. आधी केंद्राला लेखी मागणी करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही निभावले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

पिल्लाला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही आणि अशा वेळी तुम्ही तिथे नसता. तीन ते सहा हजारांची लस-औषधे आणि एका पानाचा करार यांत टाळाटाळ करू नका. जे केंद्र या कागदावर सही करायला कचरते, त्याची फी कितीही कमी असली तरी पिल्लू तिथे ठेवू नका.